न झिजलेली कड

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की माझ्या मैत्रिणी आधी तारखा बघतात. कुठल्या दोन पेपरांमध्ये किती दिवस मिळतात, अवघड विषय आधी आहे की नंतर. मीही बघते. पण फलकासमोर उभी असताना माझ्या उजव्या हाताची मूठ आवळलेली असते, हे दर वेळी उशिरा लक्षात येतं. चार बोटं अशी वळलेली, जशी त्यांत ब्रेकची कळ आहे आणि मी ती सोडली तर कुठंतरी उतारावर काहीतरी सुटेल.

यंदा माझं शेवटचं वर्ष. आकुर्डीचं ऊन तसंच आहे. दुपारी कॉलेजच्या पत्र्याखाली लावलेल्या गाडीच्या सीटवर बसवत नाही. वाचनालयातले पंखे गरम हवाच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात. वर्कशॉपच्या दारावरून गेलं की मशिनवर सोडतात त्या कूलंटचा आंबूस वास येतो, आणि त्या वासाबरोबर दोन वर्षांपूर्वीचा मे महिना.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात लिहायची सवय कुणालाच नाही. वडील धाराशिवकडून आले ते चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये लागले, अजून तिथंच आहेत. आईचं माहेर इथलंच, खेड तालुक्यातलं. दोन्हीकडच्या नात्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कुणाचा मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर ओरडायला लागला, की फोन मला. "तू विंजनेर हायेस ना?" मी अजून दुसऱ्या वर्षाला आहे, हे सांगून उपयोग नसायचा. खरं सांगायचं तर मला ते सांगावंसंही वाटायचं नाही.

त्या मे महिन्यात फोन आला तो दत्तूमामाचा.

मामाचं गाव चाकणच्या पुढं, कंपन्यांची निळी पत्र्याची छपरं संपतात तिथून थोडं आत. निम्म्या गावानं खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. त्यांत बीड, नांदेड, यवतमाळची माणसं राहतात आणि तिन्ही शिफ्टला जातात. गाव एवढं बदललं, पण पाण्याची सोय जुनीच राहिली. टेकडीवर टाकी, आणि टाकीच्या बुडाशी दोन व्हॉल्व्ह. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी टेकडी चढून ते हातानं फिरवायचे. ते काम मामाचं होतं.

मामा आधी कंपनीतच होता. एक दिवस मालानं भरलेलं लाकडी पॅलेट डाव्या पायावर आलं. पाय वाचला, पण घोटा वळायचा बंद झाला. सपाट जमिनीवर मामा काठी टेकत चालायचा, चढ मात्र त्याला चढता येत नसे. वर्ष-दीड वर्ष तो ओट्यावर बसून होता. त्या काळातला मामा मला आठवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तोच हाक मारायचा, आणि माणूस थांबला नाही तर उगीच घसा खाकरायचा. मग लोणावळ्याकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथला भंगारमाल निघाला, आणि त्यातून मामानं एक एटीव्ही आणली. चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची गाडी. पर्यटक चिखलात फिरवतात तसली. रस्त्यावर तिला परवानगी नाही, पण डोंगराच्या वाटेला परवानगी कोण विचारतं? गिअर पायानं टाकायचा नव्हता, अंगठ्यानं दाबायचा ॲक्सिलरेटर होता. मामाच्या पायाचं तिला काही कामच नव्हतं. गावानं तिचं नाव ठेवलं खेकडा. त्या खेकड्यावर बसून मामा गावाचा पाणीवाला झाला. आता लोकच त्याला आधी हाक मारायचे.

त्या गाडीचं अंग आधीच जागोजागी उसनं होतं. सीट रिक्षाच्या रेग्झिनची. केबल सायकलवाल्याकडची, तिला पुढं खिळ्याचा तुकडा डाग देऊन जोडलेला. इंजिन आपल्याकडच्या जुन्या मोपेडसारखं, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा कशाबशा जुळायच्या. मागचा ब्रेक मामाच्या हातात आला तेव्हाच मेलेला होता, त्याचा पार्ट मिळालाच नाही. सगळी भिस्त पुढच्या दोन चाकांवर.

फोनवर मामा म्हणाला, "पोरी, ब्रेकातला बारका तुकडा तडाकलाय. तू ये आन बग."

तो तुकडा म्हणजे कॅम. ब्रेकची कळ दाबली की चाकाच्या ड्रममध्ये अंगठ्याएवढा पोलादी तुकडा फिरतो आणि दोन्ही बाजूंचे लायनर बाहेर ढकलतो. लायनर ड्रमला घासतात, चाक थांबतं. बस, एवढंच. डाव्या चाकाच्या कॅमच्या दांडीला केसासारखा तडा गेला होता.

मी तो रुमालात बांधून दोन दिवस फिरले. चाकण, चिंचवड, पिंपरी. स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मागं उभी राहायचे, माझी वेळ आली की रुमाल सोडायचे.

"मॉडेल?"

"माहीत नाही."

"कंपनी?"

"स्टिकर निघून गेलंय."

"मग ताई, आता पत्रिकाच आणा. गुण जुळवून बघू."

दुकानातले सगळे हसले. मीही हसले, आणि बाहेर येऊन कडेच्या झाडाखाली बराच वेळ उभी राहिले. रस्त्यावरून नव्या गाड्या लादलेले ट्रेलर चालले होते. इथं रात्रंदिवस पार्ट बनतात. आमच्या बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस कुठला ना कुठला पार्ट बनवतो. माझे वडील आयुष्यभर एकाच दरवाजाची एकच बिजागरी बनवत आलेत. आणि हा अंगठ्याएवढा तुकडा या सगळ्या पट्ट्यात कुणाकडेच नव्हता. कारण तो कुणाच्याच ड्रॉइंगमध्ये नव्हता.

तेव्हा मला वाटलं, ड्रॉइंग आपण करू.

तळवड्याच्या एका शेडमध्ये सुर्वेकाका लेथ आणि वायरकट मशिन चालवायचे. मूळचे चिपळूणचे, वडिलांचे जुने शेजारी. वायरकटमध्ये बारीक तार विजेनं पोलाद कापते, हव्या त्या आकारात, केसाच्या जाडीहून कमी फरकानं. त्या भागातल्या शेडमध्ये काम दोनच रीतींनी चालतं. एक तर ड्रॉइंगप्रमाणे, नाहीतर सँपलप्रमाणे. सँपलप्रमाणे म्हणजे मोडका तुकडा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "असाच एक करून द्या." ते मला अडाण्यांचं वाटायचं. मी ड्रॉइंग नेणार होते.

कॅम मी घरी स्वैपाकाच्या ओट्यावर मोजला. त्याच्या एका टोकाला बारीक उंचवटा होता, पट्टीसारखा, बाकीच्या अंगापेक्षा थोडा वर आलेला. धातू कापताना कडेला जे धारदार ओठ राहतात त्याला बर म्हणतात. मोजण्याआधी बर काढायची, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवलेलं. मी कानस घेतली आणि ती पट्टी सपाट केली. मग कॅम पुसून, कॉलेजचं व्हर्निअर लावून, प्रत्येक माप तीनदा घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात ‘रेखाटन’ आणि ‘तपासणी’ अशा दोन चौकटी असतात. दोन्हींत मीच सही केली.

सुर्वेकाकांनी जेवणाच्या सुट्टीत तुकडा कापला. त्यांनी कागद दोनदा खालीवर बघितला. मला वाटलं काही विचारतील. पण ते म्हणाले, "झ्याक काढलंयस हां. आमचा मालकपण असं काढत नाही." मी लाजले. ते नक्की काय बघत होते, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

नवा कॅम बसवला, नवे लायनर घातले. ब्रेक लागला. मामानं अंगणात खेकडा चार वेळा पुढंमागं केला, चारही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. मामीनं साखर आणली. मामा ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "आमच्या भाचीनं केलाया. कंपनीत बी मिळना असला पार्ट." कुणी विचारलं, "इंजिनेर झाली का?" तर म्हणाला, "झाल्यागतच हाय."

ते वाक्य मी बसमध्ये आकुर्डीपर्यंत मनात धरून आले.

चौथ्या दिवशी वाचनालयात असताना आईचे एकामागून एक तीन फोन आले. तिसऱ्याला मी बाहेर गेले. आई म्हणाली, "मामा पडला गं. गाडी घेऊन पडला."

कॉलेज ते गाव या प्रवासातलं मला थोडंच आठवतं. बसच्या खिडकीचा दांडा इतका तापला होता की हात ठेवता येत नव्हता, तरी मी तो धरून होते. मोशीच्या पुढं ट्रॅफिक तुंबलं होतं. शेजारची बाई टरबुजाची फोड खात होती आणि मला विचारत होती, "बरं वाटत नाही का?" माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. कुठलं माप चुकलं? दांडीचा व्यास? जाडी? मी आकडे म्हणत होते. ते सगळे बरोबर होते.

मामा ओट्यावर पडून होता. उजवा खांदा सुजलेला, गालावर घाणेरीच्या काट्यांचे ओरखडे. टेकडी उतरताना दुसऱ्या वळणावर कळ दाबली तर ती थेट मुठीला टेकली होती, आणि गाडी थांबायच्या ऐवजी पळायला लागली. डावीकडं ओढा. मामानं उजवीकडं हँडल मारून तिला झुडपांत घातली, म्हणून तो आज ओट्यावर तरी होता. हाड मोडलं नव्हतं.

"तुझी चूक न्हाई पोरी," मला बघताच तो म्हणाला. "जुनी गाडी हाय."

मामी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पायांवर लाल धूळ होती, गुडघ्यापर्यंत. ती म्हणाली, "चूक न्हाई कशी? मग कुनाची? त्येंनी तुझ्यावर इस्वास टाकला. जुना तुकडा तडकला व्हता, पर त्यो धरत तरी व्हता."

मामा म्हणाला, "गप बस."

"मी न्हाई गप बसनार. सकाळपास्नं दोनदा वर जाऊन आले या उन्हात. त्या चाव्या फिरवून माझं हात बगा." तिनं तळवे पुढं केले. व्हॉल्व्हच्या चाकाची खूण दोन्ही तळव्यांवर उमटली होती.

 तेवढ्यात पंचायतीत पाण्याचं बघणारे आप्पा आले. मामाची विचारपूस केली, पाणी प्यायले. वाईट माणूस नव्हता तो. उठताना म्हणाले, "दत्तू, रोज वहिनींना वर धाडायचं बरं दिसत न्हाई. उन्हाळा हाय, पाणी येळेवर सुटाया पायजे. सोमवारपातूर बगतो राव. न्हाई जमलं तर दुसरा मानूस लावतो. राग मानू नगस."

"राग कशापायी," मामा म्हणाला, आणि आप्पा गेल्यावर त्यानं घसा खाकरला. उगीचच.

तो घसा खाकरणं ऐकून मला जे झालं, ते सुजलेला खांदा बघून झालं नव्हतं.

गुरुवार होता. सोमवारी दुपारी माझा पेपर होता, आणि तो मोजमापाच्या विषयाचाच होता. मी वही उघडायचे, बंद करायचे. झुडपातून काढून आणलेल्या गाडीचं चाक खोललं, कॅम काढला आणि पुन्हा मोजला. ड्रॉइंगशी एक शतांश मिलिमीटरचाही फरक नव्हता. मला वाटलं, आता कुणाला विचारायचं? सरांकडं जायला धीर होत नव्हता. वर्गात मी कधीच शंका विचारलेली नव्हती. पहिल्या वर्षी आल्यापासून मी बाकीच्या मुली कशा बसतात, कशा बोलतात, वहीत काय अधोरेखित करतात ते बघून तसंच करत आले होते, आणि त्यांतल्या कुणी शंका विचारल्या नाहीत म्हणून मीही नाही. न विचारणाऱ्या मुली आधीच सगळं शिकून आलेल्या होत्या, हे मला फार उशिरा समजलं.

शुक्रवारी मी दोन्ही तुकडे, जुना आणि नवा, सुर्वेकाकांच्या टेबलावर ठेवले.

"ड्रॉइंगप्रमाणे आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग माझ्याकडं काय काम?"

"मामा पडला, काका."

त्यांनी मशिन थांबवलं. हात पुसले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जुना कॅम दिव्याखाली धरला. बोटाचं नख त्याच्या अंगावरून टोकापर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं.

"अगो, इथं कानस कोणी मारली?"

"मी. बर होती."

त्यांनी तुकडा माझ्याकडं वळवून धरला. मग म्हणाले, "बर नव्हती ती. लायनर कॅमच्या अंगावर टेकतो, पण टोकापर्यंत पोचत नाही. जिथं तो टेकला तिथं कॅम झिजला. जिथं नाही पोचला, तिथं तो जन्मला तेवढाच राहिला. ती पट्टीच त्याचं खरं माप होती. तू तीच घासून टाकलीस."

शेडमध्ये दुसऱ्या मशिनचा आवाज चालू होता. मला ते शब्द ऐकू आले आणि समजायला वेळ लागला. मी झिजलेला तुकडा मोजला होता. तीन-तीनदा. आणि ती झीज नव्या पोलादात, शतांशापर्यंत अचूक, कापून घेतली होती. पहिले तीन दिवस नव्या लायनरच्या जाडीनं ती उणीव झाकली. लायनर थोडे बसले, कॅम जास्त फिरत फिरत एके दिवशी पालथा झाला, आणि दोन्ही चाकांना कळ एकच असल्यानं उजव्या ब्रेकलाही ओढ उरली नाही.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

काकांनी नजर वळवली. "आकार थोडा बसका वाटला मला. पण कागदावर तपासणीची सही होती. सही असली की आम्ही विचारत नाही गो. तीस वर्षांची सवय. विचारलं की ऐकून घ्यावं लागतं, तू ऑपरेटर आहेस की इंजिनिअर?" मग हळू म्हणाले, "तुला तरी विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

आम्ही दोघं त्या दोन तुकड्यांकडं बघत उभे राहिलो. कुणावर रागवावं हे मला कळत नव्हतं. त्यांनी माझ्या सहीला मान दिला होता. असा मान मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता, आणि त्यानं मामा झुडपात गेला होता.

अलीकडं मी चाकणच्या एका कंपनीत सहा महिने शिकायला होते, तपासणी विभागात. पांढऱ्या दिव्यांखाली ट्रे येतात, प्रत्येक पार्ट गेजमधून जातो किंवा अडतो. तिथं मी पार्ट हातात घेतला की नकळत नख फिरवते. एकदा सुपरवायझरनं टोकलं, "मॅडम, नखानं काय कळतं? गेज आहे ना." मी हो म्हटलं आणि गेज लावलं. पण पुढच्या ट्रेला, कागद घेऊन आलेल्या मुलाला मी विचारलं, "हे माप कशावरून घेतलंय?" तो गोंधळला. मीही गोंधळले असते.

तर त्या मे महिन्यातल्या शनिवारी मी पुन्हा गावात. डाव्या कॅमची कड मी संपवली होती, पण उजव्या चाकाचा कॅम होता. तो मी सावकाश खोलला. तेलकट काजळी पुसली, आणि टोकाला ती दिसली. बारीक पट्टी, काडेपेटीच्या दोन काड्या शेजारी ठेवाव्यात एवढी रुंद. मी नख फिरवलं. नख अडलं. आयुष्यात इतक्या छोट्या पायरीवर मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. पट्टीवर मोजलं, मग अंगावर. जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक होता.

मामा शेजारी खाटेवर बसून बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं. कानशीचं, सहीचं, सगळं. "जुनी गाडी" म्हणून त्यानं मला सोडलं होतं. तसं सुटायला मला नको होतं.

तो म्हणाला, "म्हंजी चूक तुझी हाय."

"हो."

"बरं." त्यानं काठी खाटेला टेकवली. "मग आता चुकलीस तर?"

मामी दारात उभी राहून ऐकत होती. मला म्हणता आलं असतं, नाही चुकणार. मी म्हणाले, "म्हणून या वेळी नवे लायनर घालणार नाही. झिजलेलेच घालते. झिजलेल्यांना धरलं, तर कॅम खरा."

सुर्वेकाकांनी शनिवारी दुपारीच दोन कॅम कापले. या वेळी त्यांनी बारा प्रश्न विचारले आणि तपासणीच्या चौकटीत स्वतः सही केली. रविवारी आम्ही ते बसवले. अंगणात ब्रेक लागला. या वेळी साखर आली नाही. अंगणात तो मागच्या वेळीही लागला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी म्हणाले, "आधी मी नेते वर. उतरवून आणते. मग तू जा."

"तुला त्यो उतार ठाव न्हाई."

"तुला ठाव होता, तरी पडलास."

"आन तुझा पेपर हाय." त्यानं सुजलेला खांदा सावरत पाना कमरेला खोचला. मामी म्हणाली, "आजच्या दिस मी जाते. गाडी उद्या बगा." मामानं तिच्याकडं बघितलं. नळाशी हंडे लागले होते, आणि आप्पा कट्ट्यावर येऊन बसले होते. मामी हंडा घेऊन नळाकडं गेली. खेकडा फुरफुरत टेकडीला लागला.

चढताना मला भीती नव्हती. चढायला ब्रेक लागत नाही.

मग लोखंडी पाइपातून टण टण असा आवाज आला. व्हॉल्व्ह उघडण्याआधी मामा वर पाइपावर पाना आपटतो, आणि तो आवाज पाइपातून थेट गावातल्या नळांपर्यंत येतो. बायका पुढं सरकल्या. नळ खोकला, गढूळ पाणी थुंकला, आणि मग धार लागली. आप्पा उठले, धोतर झटकलं, "आलं की! मी म्हनलंच व्हतं," असं म्हणून घरी गेले. सगळ्यांचं वाट बघणं तिथं संपलं. कळश्यांचे, भांडणांचे, हसण्याचे आवाज सुरू झाले.

मी टेकडीकडं कान लावून उभी होते. नळाच्या पलीकडं मामी उभी होती. तिचा हंडा भरून वाहायला लागला होता. पाण्याचा थेंब सांडला तर आळीतल्या पोरांवर ओरडणारी बाई ती. तिनं हंडा बाजूला घेतला नाही.

इंजिनचा आवाज उतरायला लागला. पहिलं वळण. आवाज झाडाआड गेला, पुन्हा आला. मग दुसरं वळण, आणि आवाज थांबला.

थांबला म्हणजे पूर्ण थांबला.

मी पळाले. मागं मामीचा हंडा कलंडल्याचा आवाज आला. वाट दगडांची, घसरणारी. मी दोन्ही हातांनी झुडपं धरत चढले, काटे लागले, चप्पल तुटली ती तिथंच टाकली. वळणावर पोचले तेव्हा छातीत श्वास मावत नव्हता.

मामा गाडीवर बसला होता. गाडीचं तोंड खाली उताराकडं, डावीकडं ओढा. उजव्या हाताची मूठ कळीवर.

"बंद पडली?" मी ओरडले.

"मीच बंद केली. न्यूटल बी केलीया. इंजनाच्या जोरावर थांबलीया का ब्रेकाच्या, ते कळाया पायजे का नगं?"

मी वाटेतला एक मोठा दगड उचलला आणि चाकापाशी नेला.

"त्यो कशाला?"

"असू दे."

"ठिव बाजूला. दगड लावलास तर दगडानं धरली असं व्हईल."

मी दगड बाजूला ठेवला. मामाच्या मनगटाच्या शिरा टरारल्या होत्या, खांदा दुखत असणार. "किती येळ धरू?" त्यानं विचारलं.

"अजून थोडा."

मी गुडघ्यावर बसले आणि चाक बघायला लागले. डाव्या चाकाखाली सागाचं एक वाळलेलं पान सापडलं होतं, अर्धं टायरखाली, अर्धं बाहेर. गाडी तसूभर जरी सरकली तरी तिथं कळणार होतं. मी पानाच्या बाहेरच्या अर्ध्यावर नजर ठेवली. मागून मामीच्या पावलांचा आवाज आला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. ओढ्यातून वारा आला, पानाची कड फडफडली.

चाक हललं नाही.